स्कायविंग मशीन घेण्याआधी: कातडे, रोलर आणि धार

निपाणीजवळच्या एका तरुण कारागिराने विचारले आहे: "घरात पिढ्यान्‌पिढ्या कोल्हापुरी चपला होतात. मी आता पाकिटे, स्लिंग बॅगा आणि कंबरपट्टे करू लागलो आहे. रापीने (कातडे तासायच्या हत्याराने) कड काढताना कुठे जाड राहते, कुठे भोक पडते. स्कायविंग मशीन, म्हणजे कातड्याची कड पातळ करणारे यंत्र, घ्यायचे आहे. नवे चिनी 801 मॉडेल घेऊ, की जुने जपानी किंवा जर्मन? चपलेचे आणि पाकिटाचे कातडे एकाच मशीनवर होईल का? दुकानात पाहायला गेलो तेव्हा मशीनने मऊ कातडे कापण्याऐवजी चावून टाकले. त्यामुळे मन धजत नाही."

तुमच्या प्रश्नातले शेवटचे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. ते मशीन वाईट होते असे त्यावरून ठरत नाही. बहुधा त्याची धार गेली होती किंवा त्याला चुकीचा रोलर होता. दुकानात महिनोन्‌महिने नुसती उभी असलेली मशीन अशीच असतात. पण खरी अडचण त्यातूनच दिसते. स्कायविंग मशीन घेतल्यावर ते रोज धार लावून आणि जुळवून चालवावे लागते. ते तुमच्या हाताला बसले तर साधे 801 सुद्धा उत्तम काम देते. ते बसले नाही तर जर्मन मशीनही कातडे चावणारच. म्हणून कोणते घ्यावे याच्या आधी तुम्ही त्यावर काय घालणार आहात आणि धार कोण लावणार आहे, हे ठरवू.

आधी एक गोष्ट वेगळी करून घ्या, कारण इथे पुष्कळांचे पैसे वाया गेलेले मी पाहिले आहेत. कातड्याची फक्त कड पातळ करणे हे एक काम, आणि अख्खे कातडे एकसारखे पातळ करणे हे दुसरे. बॅगेसाठी आणलेले कातडे दोन मिलिमीटरचे असेल आणि तुम्हाला ते सगळीकडे एक मिलिमीटरचे हवे असेल, तर ते स्कायविंग मशीनचे काम नाही. त्याला स्प्लिटिंग मशीन लागते. ते मोठे असते, महाग असते आणि छोट्या कारखान्याला परवडत नाही. त्यावर माझा उपाय सोपा आहे. कातडे घेतानाच व्यापाऱ्याला जाडी सांगायची. क्रोम कातडे (क्रोमच्या क्षारांनी कमावलेले) पाकिटासाठी 1.0 ते 1.2 मिलिमीटर आणि बॅगेसाठी 1.4 ते 1.6 मिलिमीटर असे मागा. टॅनरीतून ते त्या जाडीचे मिळते. जाडी मोजायचे गेज खिशात ठेवा आणि पाठ, पोट, मान अशा तिन्ही ठिकाणी मोजून मगच घ्या. हे केले तर तुमच्या तक्रारीचा मोठा भाग मशीनशिवायच सुटेल. रापी तुमच्या हातात लहानपणापासून आहे. तरीही कड कमीजास्त होते, त्यामागे कातड्याची मूळची कमीजास्त जाडी असू शकते.

आता चपलेच्या कातड्याचा प्रश्न. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले आपल्या भागातले कातडे कडक असते, जाडीला एकसारखे नसते आणि उलट्या बाजूला बारीक माती किंवा चुन्याचे कण राहिलेले असतात. चपलेचा तळ या मशीनसाठी नाहीच. तीन मिलिमीटरच्या पुढचे कातडे मी त्यावर घालत नाही. रोलरला ते ओढवत नाही, पात्यावर ताण येतो आणि कापही लाटेसारखा होतो. चपलेचे कान, पट्टे, अस्तराच्या पट्ट्या यांच्या कडा मशीनवर होतात, पण आधी उलटी बाजू कडक ब्रशने झाडून घ्यावी लागते. वाळूचा एक कण धारेत दात पाडतो. मग पुढच्या प्रत्येक पट्टीवर त्याच जागी रेघ उमटते.

इथे माझे मत स्पष्ट आहे, पटले नाही तरी ऐका. कोल्हापुरी म्हणून जी चप्पल विकायची आहे तिच्या कडा रापीनेच काढा. 2019 मध्ये कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजयपूर असे आठ जिल्हे त्यात आहेत. त्या नावाची किंमत वनस्पतीने कमावलेल्या कातड्याला आणि हातकामाला आहे. अथणी, निपाणी भागातल्या जाणत्या हातांनी जी कड निघते ती मशीनवर मिळत नाही, आणि चपलेला मशीनच्या कडेची गरजही पडत नाही. पाकीट आणि बॅग हे वेगळे काम आहे. तिथे शंभर तुकड्यांची कड शंभर वेळा सारखीच यावी लागते. म्हणून मशीन पाकीट आणि बॅगेसाठी घ्या. चपलेचे एखादे काम त्यावर झाले तर ठीक, पण त्याच्या हिशेबाने मशीन निवडू नका.

मशीन कसे काम करते ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. घंटेसारखे पोकळ गोल पाते फिरत असते. त्याच्या वर प्रेशर फूट (कातडे दाबून धरणारा भाग) आणि खाली फीड रोलर (कातडे ओढणारा) असतो. कातडे सुलटी बाजू वर ठेवून त्या दोघांमध्ये जाते. रोलर त्याला पात्यावर ढकलतो. फूट आणि पाते यांच्यामध्ये जे राहते ते तुमचे कातडे. पात्याच्या खाली जो कीस निघतो तो घंटेच्या पोटातून बाहेर पडतो. म्हणजे कडेला किती जाडी राहील हे फुटाची उंची ठरवते, उतार किती असेल हे फुटाचा कल ठरवतो आणि किती रुंद पट्टी पातळ होईल हे बाजूचे गाइड ठरवते. हे तीन स्क्रू समजले की अर्धे मशीन समजले.

रोलरवर थोडे थांबतो. लोक ब्रँड विचारतात, पण फरक रोलरने पडतो. दगडी रोलर मऊ क्रोम कातड्याला, बकरी-मेंढीच्या कातड्याला चांगला. तो हलका धरतो, खूण पाडत नाही. खोबणी असलेला पोलादी रोलर कडक, वनस्पतीने कमावलेल्या कातड्याला लागतो, कारण दगड त्यावर घसरतो. दुकानात तुमचे मऊ कातडे चावले गेले तेव्हा खाली पोलादी रोलर होता का, हे आठवून बघा. तुम्ही पाकिटे आणि कंबरपट्टे दोन्ही करणार आहात, म्हणून दोन्ही रोलर बरोबर घ्या. बदलायला फार वेळ लागत नाही. पण रोज चार वेळा बदलू नका. सकाळी सगळे मऊ, दुपारी सगळे कडक, असे काम लावून घ्या. फूटही दोन रुंदीचे घ्या. रुंद फूट सरळ कडेला आणि अरुंद फूट वळणाला किंवा मधोमध खोबण काढायला. चकचकीत फिनिशचे कातडे साध्या लोखंडी फुटाखाली चिकटून अडकते. त्याला टेफ्लॉनचा फूट मिळतो. तसे काम असेल तेव्हाच घ्या.

नवे की जुने? फॉर्च्युना किंवा निप्पी अशी जुनी जर्मन-जपानी मशीन घडणीला सरस असतात, यात शंका नाही. त्यांची बेअरिंग वर्षानुवर्षे टिकतात आणि केलेली जुळवणी हलत नाही. पण तुमच्या हातात येणारे जुने मशीन आधी कुणी कसे वापरले आहे, यावर सगळे आहे. आणि पाते किंवा धारेचा दगड लागला तर तो कुठून आणणार? 801 पद्धतीच्या मशीनचे पाते, धार लावायचा दगड, रोलर, पट्टा हे सगळे मुंबईत धारावीला आणि चेन्नईला मिळते, कुरिअरने घरी येते. निपाणीत बसून काम करणाऱ्या माणसाला याचे मोल फार आहे. मशीन थांबले की ऑर्डर थांबते. म्हणून पहिले मशीन घेणाऱ्याला मी नवे 801 सांगतो. फक्त एक अट, जवळपास कुणी जाणकार असेल आणि जुने मशीन तो स्वतः उघडून बघत असेल तर जुने घ्यायला हरकत नाही.

जुने बघायला गेलात तर एवढे करा. वीज बंद करून पाते हाताने फिरवा, ते डगमगते का बघा. पाते धरून पुढेमागे हलवा. खेळ जाणवला तर बेअरिंग गेले. घंटेची खोली किती उरली आहे बघा, कारण प्रत्येक धारेला पाते झिजते आणि ते पुढे सरकवून वापरले जाते. पुढे सरकवायला जागाच उरली नसेल तर नव्या पात्याचा खर्च किमतीत धरा. जुळवणीचे स्क्रू मळसूत्र खाल्लेले आहेत का ते फिरवून बघा. मग आपल्या घरचे कातडे द्या. विकणाऱ्याने ठेवलेल्या तुकड्यावर कधीही निर्णय घेऊ नका. पाकिटाचे मऊ कातडे, बॅगेचे कातडे आणि कंबरपट्ट्याची कडक पट्टी असे तीन तुकडे बरोबर न्या. विकणाऱ्याला तुमच्यासमोर धार लावायला सांगा. तो टाळाटाळ करतो की सराईतपणे लावतो, यावरूनही बरेच कळते. धार लावल्यावर निघणारा कीस हातात घ्या. लांब, अखंड पट्टी निघाली तर मशीन ठीक आहे. भुगा किंवा तुटके तुकडे निघाले तर काहीतरी बिघडलेले आहे. नवे मशीन घेतानाही हीच परीक्षा घ्या.

मोटर साधी क्लचची (सतत फिरत राहणारी) किंवा सर्वो (पाय दाबला की फिरणारी), दोन्ही चालतात. मी सर्वो सांगेन, कारण वेग कमी ठेवून शिकता येते, आवाज कमी असतो आणि पाय उचलला की ती फारशी वीज खात नाही. तुमच्या घराकडे व्होल्टेज वरखाली होत असेल तर मात्र चांगला स्टॅबिलायझर लावल्याशिवाय सर्वो घेऊ नका.

आता जुळवणी. समजा 1.2 मिलिमीटरच्या कातड्याची कड 6 मिलिमीटर मुडपायची आहे. मुडपल्यावर दोन थर एकावर एक येतात, म्हणून पातळ पट्टी मुडपीच्या दुप्पट रुंद लागते. वळणाला थोडी जागा धरून मी 13 मिलिमीटरवर गाइड लावतो. कडेला 0.5 ते 0.6 मिलिमीटर ठेवतो. अगदी शून्यावर नेली तर कड सुरेख दिसते, पण सोल्युशन (चिकटवायचे द्रावण) लावून ओढताना फाटते. दोन तुकडे एकावर एक ठेवून शिवायचे असतील तर प्रत्येकाची निम्मी जाडी काढली की सांधा मूळ जाडीचाच राहतो. पाकिटात याचा फरक लगेच दिसतो. कडेला पाच थर येत असतील आणि प्रत्येक 1.2 मिलिमीटरचा असेल तर शिलाईखाली 6 मिलिमीटर जाडी होते आणि पाकीट मिटत नाही. तेच थर कडेला 0.6 केले तर 3 मिलिमीटरमध्ये काम होते. ही आकडेमोड आधी कागदावर करा आणि मग मशीनला हात लावा.

जुळवणी नेहमी त्याच कातड्याच्या वाया गेलेल्या तुकड्यावर करा. दुसऱ्या कातड्यावर लावलेली जुळवणी चालेल असे गृहीत धरू नका, कारण मऊ कातडे फुटाखाली दबते आणि कडेची जाडी वेगळी येते. पट्टी काढली की गेजने सुरुवातीला, मधे आणि शेवटी मोजा. कातडे ढकलू नका. हात फक्त गाइडला कड चिकटवून ठेवायला. ओढायचे काम रोलरचे आहे. ढकलल्याने कड तिरकी होते आणि बोट पात्याकडे जाते.

पुष्कळ लोक जुळवणी शिकतात आणि धारेकडे दुर्लक्ष करतात. बोथट विळीवर पिकलेला टोमॅटो धरला की कापला न जाता दबतो, तसे बोथट पाते कातडे दाबून फाडते. मग माणूस फूट खाली घेतो, रोलरचा दाब वाढवतो, आणि मशीन आणखी चावते. म्हणून काहीही बिघडले की आधी धार बघायची, मग बाकीचे. मशीनवरच दगड बसवलेला असतो. पाते फिरत असताना तो हळूच पुढे आणायचा, हलक्या ठिणग्या दिसल्या की दोन-तीन सेकंद थांबायचे आणि मागे घ्यायचा. दगड पात्याला टेकवून ठेवून काम करणारे मी बघितले आहेत. त्याने पाते तापते, पोलाद नरम पडते आणि पैसे धुळीत जातात. धार लावली की दगडाच्या विरुद्ध बाजूला उलटी बारीक कड येते. ती बारीक दगडी कांडीने काढावीच लागते. नाही काढली तर नुकती धार लावलेले पातेही कातडे ओरबाडते, आणि दगड खराब आहे असे वाटत राहते. दगड कातड्याच्या तेलाने चकचकीत झाला तर ड्रेसिंग कांडीने त्याचे तोंड पुन्हा खरखरीत करा.

किती वेळाने धार लावायची? ते कातड्यावर आहे. मऊ क्रोम कातड्यावर बराच वेळ धार लावावी लागत नाही, आपल्या कमावलेल्या कडक कातड्यावर लवकर लावावी लागते. कीस तुटायला लागला की लावा. थोडी थोडी, पण वरचेवर. धार लावल्यावर पाते झिजून मागे गेलेले असते. ते पुढच्या स्क्रूने सरकवून फुटापासून साधारण अर्धा मिलिमीटर अंतरावर आणा. फुटाला टेकू देऊ नका. सोल्युशन लावलेले कातडे कधीच मशीनवर घालू नका, त्याचा चिकटा पात्यावर आणि रोलरवर बसतो आणि काढताना दम निघतो.

धारेशी जोडलेली एक धोक्याची गोष्ट आहे. तुमचे काम घरात चालत असणार आणि सोल्युशनचा डबा त्याच खोलीत उघडा असणार. सोल्युशनची वाफ पेट घेते, आणि दगडाच्या ठिणग्या तिथेच उडतात. घंटेच्या पोटात आणि खाली साचलेला कोरडा कीसही पेटू शकतो. म्हणून धार लावण्याआधी कीस साफ करा, डबा बंद करून दुसऱ्या खोलीत ठेवा, खिडकी उघडा आणि मग दगड लावा. यात कंटाळा करू नका, घरात मुले असतात. शिवाय चामड्याची धूळ नाकाच्या कर्करोगाला कारणीभूत ठरते, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने स्पष्ट वर्गीकरण केले आहे. मास्क लावा, कीस गोळा करणारी पेटी मशीनखाली ठेवा, आणि फुंकर मारून साफ करू नका. घरातली बाई मशीनवर बसणार असेल तर पदर खोचलेला, बांगड्या काढलेल्या, केस बांधलेले असावेत. लहान तुकडा थेट बोटाने न देता आधी लांब पट्टीवर कड काढा आणि नंतर तुकडे कापा. अडकलेला कीस काढताना वीज बंदच हवी, पाते थांबल्याशिवाय हात घालू नका.

पावसाळ्याचाही विचार करा. खानापूर, बेळगावाकडे पाऊस भरपूर, अथणीकडे कोरडे. तुम्ही निपाणीत मधल्या ठिकाणी आहात. ओल्या हवेत वनस्पतीने कमावलेले कातडे फुगते. कालची जुळवणी आज जाड किंवा पातळ कड देते. म्हणून रोज सकाळी पहिली पट्टी मोजा. काम संपल्यावर पाते कोरड्या फडक्याने पुसून त्यावर तेलाचा पातळ हात फिरवा, नाहीतर गंज येतो आणि सकाळी पहिल्याच कातड्यावर डाग पडतो. दुसऱ्या दिवशी सुरू करताना ते तेल पुसून आधी वाया तुकडा काढा. बाकी तेल शिवणयंत्राचे वापरा आणि फक्त तेलाच्या छिद्रांत घाला. रोलरवर, पट्ट्यावर नको.

पैशांचे विचारले नाहीत, पण सांगतो. पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत 17 सप्टेंबर 2023 पासून चर्मकार आणि पादत्राणे करणाऱ्या कारागिरांचा समावेश आहे. साधनांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत मिळते, आणि प्रशिक्षणानंतर तारणाशिवाय पहिले कर्ज 1 लाख आणि नंतर 2 लाखांपर्यंत 5 टक्के व्याजाने मिळते. नोंदणी गावातल्या सामान्य सेवा केंद्रात होते. एका कुटुंबातून एकच जण पात्र असतो, म्हणून घरात कुणाच्या नावावर अर्ज करायचा हे आधी ठरवा. मशीनसाठी घरचे पैसे घालण्याआधी हे एकदा विचारून बघा, आणि दुकानदाराकडून जीएसटीचे पक्के बिल घ्यायला विसरू नका, कर्जाला ते लागते.

माझा सल्ला थोडक्यात असा: नवे 801, सर्वो मोटर, दगडी आणि पोलादी दोन्ही रोलर, दोन रुंदीचे प्रेशर फूट, एक जादा पाते, एक जादा दगड, कांडी आणि गेज. यातले रोलर, जादा पाते आणि कांडी मशीनबरोबरच मिळावे असा करार करा, नंतर घ्यायला गेलात की भाव वेगळा लागतो. त्याआधी तुमच्या तिन्ही प्रकारच्या कातड्याची जाडी मोजून ठेवा आणि कुठल्या कामाला किती मिलिमीटर कड हवी ते लिहून काढा. ती यादी मला पाठवा. तुमच्या पाकिटाच्या थरांचा हिशेब आणि पहिली जुळवणी काय असावी, हे मी त्यावरून सांगू शकेन.